पावसाळी, कोरडं की उंचावरचं? डेंग्यूचा विचार करून गाव निवडताना

काही वर्षं राहायचं म्हणून नवं गाव शोधणारे पहिल्यांदा विचारतात, ‘तिथं पाऊस किती?’ डेंग्यूपुरतं बोलायचं तर हा प्रश्न मी तिसरा ठेवेन. पहिला, नळाला पाणी रोज येतं का? दुसरा, रात्री गारवा किती पडतो?

डेंग्यू मुख्यतः पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटारापेक्षा घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यावर जगतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर भिंतीवर. बारीक काळे ठिपके, काजळी लागल्यासारखे. पिंप उपडं करून कोरडं ठेवलं तरी अंडी महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा तिथवर चढलं की अळ्या बाहेर पडतात. नुसतं ओतून भागत नाही, पिंप आतून घासावं लागतं.

त्यामुळे कोरडं शहर आपोआप सुरक्षित ठरत नाही. पाणी दिवसाआड येत असेल तर घरोघरी पिंपं भरलेली असतात. ब्राझीलमधल्या अभ्यासात दुष्काळानंतर काही महिन्यांनी डेंग्यूचा धोका वाढलेला दिसला, तोही पाणीपुरवठा बेभरवशाचा असलेल्या शहरी भागांत जास्त. उलट धो-धो पाऊस अळ्या वाहून नेतो. वाईट ती सर आणि उघडीप यांची आलटापालट. तरी ठरावीक पावसाळा असलेल्या गावाला निदान उसंत मिळते. विषुववृत्ताजवळच्या सिंगापूरला ती नाही. तिथं डेंग्यू बारमाही आहे आणि 2020 मध्ये 35,000 हून जास्त रुग्ण झाले, तेही इतकी कडक डास-तपासणी असताना.

आता उंची. इथं खरी शर्यत डास आणि विषाणू यांच्यात असते. डासाचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. रुग्णाला चावल्यावर विषाणू त्याच्या लाळेत पोचायला 25 ते 28 अंशांत साधारण 8 ते 12 दिवस लागतात. गारव्यात हा काळ लांबतो आणि बरेच डास त्याआधीच मरतात. प्रसाराला सगळ्यात सोयीचं तापमान 29 अंशांच्या आसपास. पस्तिशीच्या पुढे तो मंदावतो, पण घरातल्या सावलीत पारा तितका चढत नाही, हे विसरू नका. उंचावरचं गाव म्हणून मला बरं वाटतं, पण हमी नाही. मेक्सिकोतल्या सुमारे 1,700 मीटर उंचीवरच्या टास्कोत 1988 मध्येच साथ आली होती. 2022 च्या नेपाळमधल्या साथीत 50,000 हून जास्त रुग्ण झाले आणि काठमांडूचं खोरंही त्यातून सुटलं नाही.

हवामान सारखं असूनही फरक पडतो, याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं लारेडो आणि नदीपलीकडचं मेक्सिकोतलं नुएव्हो लारेडो. 1999 च्या पाहणीत डास लारेडोत जास्त सापडले, लागण मात्र पलीकडे जास्त होती. लारेडोतली घरं बंदिस्त होती, एसी बहुतेकांकडे होता.

म्हणून माझा क्रम असा: रोज नळपाणी असलेलं, थंड रात्रींचं उंच गाव पहिलं, ठरावीक पावसाळ्याचं दुसरं, आणि पाणी साठवावं लागणारं उष्ण, कोरडं शहर शेवटी. घर बघायला जाल तेव्हा गच्चीवर चढून टाकीचं झाकण नीट बसतं का ते पाहा, शेजारच्यांचंही. हा डास सहसा काहीशे मीटरपलीकडे उडत नाही.