झिंक ऑक्साइड नॅनो: कडुनिंबाचा पाला की सरळ कॉस्टिक?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला झिंक ऑक्साइड नॅनोपार्टिकल्स घ्यायचं ठरतं आणि मग गाडी अडते, ग्रीन (म्हणजे पानांच्या अर्काने) करू की केमिकल. मी दोन्ही केलंय, हात भाजूनही झालेत, म्हणून लिहितोय.

केमिकल म्हणजे आपलं को-प्रेसिपिटेशन, झिंकच्या मिठाच्या द्रावणात अल्कली घालून साका पाडणं. झिंक ॲसिटेटचं ०.१ मोलर सोल्यूशन स्टररवर ठेवायचं, ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक) थेंब थेंब सोडायचं, बीकर ताकासारखा पांढरा होतो, मग गाळा, धुवा, वाळवा, भट्टीत टाका. कॉस्टिक फार झालं तर तोच पांढरा साका परत विरघळतो, झिंक ॲम्फोटेरिक आहे ना, आम्लातही विरघळतं नि अल्कलीतही, म्हणून पीएचवर नजर ठेवायची. धुण्याचा कंटाळा केला की सोडियम मागे राहतं. बाकी आज केलं काय नि दोन महिन्यांनी केलं काय, माल साधारण तोच निघतो.

पाल्याचं तसं नाही. १० ग्रॅम पानं, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, ७०-८० अंशांना अर्धा तास, गाळलं की अर्क तयार, ऐकायला चहा करण्याइतकं सोपं. पण पाडव्याच्या सुमाराची तांबूस कोवळी पालवी आणि दिवाळीनंतरचं जून पान यांचा अर्क सारखा नसतो, आणि फ्रीजमध्ये ठेवलेला अर्कही आठवड्याभरात वास मारायला लागतो, मग पहिली बॅच आणि चौथी बॅच जुळत नाही आणि गाइड विचारतात का. पुढे अर्कात झिंक नायट्रेट घालून आटवत बसायचं, काकवीसारखा चिकट गोळा होतो, तो ४००-५०० अंशांना दोन तास. मी पहिल्यांदा क्रुसिबल (भट्टीत ठेवायची वाटी) काठोकाठ भरलं होतं. नायट्रेट ऑक्सिडायझर, पाल्यातली साखर-बिखर इंधन, भसकन पेट घेतला, सगळं फुगून भट्टीच्या भिंतींना चिकटलं आणि वर तपकिरी धूर. तो धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा, त्यामुळे 'ग्रीन' शब्दावर फार भाळू नका, क्रुसिबल पाव भरा आणि धूर ओढणारी सोय असेल तरच करा.

व्हायवात हमखास अडकवणारी जागा वेगळीच आहे. अर्कातले पॉलिफेनॉल झिंकचं रिडक्शन करतात, म्हणजे आयनला इलेक्ट्रॉन देतात, असं आपण बिनधास्त लिहितो, चांदीच्या नॅनोकणांवरचं वाचलेलं असतं ते तसंच चिकटवतो. चांदीत खरंच आयनचा धातू होतो. झिंकचा भार मात्र नायट्रेटसारख्या मिठात +२ आणि ऑक्साइडमध्येही +२, मग रिडक्शन कसलं? इथे अर्क झिंकला धरून ठेवतो, कण वाढू देत नाही आणि भट्टीत इंधन म्हणून जळतो, बस. आणि ५०० अंशांना तापवल्यावर कणांवर कडुनिंबाचं औषधी कोटिंग उरलंय असं म्हणायचं असेल तर एफटीआयआरमध्ये (कणांवरचे सेंद्रिय बंध दाखवणारी इन्फ्रारेड चाचणी) ते दाखवायला लागेल, बहुतेक वेळा उरते ती पानाची राख, ईडीएक्समध्ये (नमुन्यात कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी चाचणी) पोटॅशियम-कॅल्शियम डोकावतं ते त्याचंच.

आयर्न ऑक्साइडला तर आणखी गंमत. ग्रीन टी आयर्नच्या मिठात ओतला की क्षणात काळं होतं, सगळे खूश, मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं काळं आयर्न ऑक्साइड) झालं! अरे, लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तेच आहे ते, लोह आणि टॅनिन. आधी चुंबक लावून बघा, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) करा, मग नाव द्या.

मग निवडायचं काय? फोटोकॅटॅलिसिस (प्रकाशाच्या मदतीने रंग वगैरे तोडणं), सेन्सर असलं काही मोजायचं असेल तर माझं मत सरळ को-प्रेसिपिटेशन, डोक्याला ताप नाही. एक्सआरडीत झिंक ऑक्साइडची ३१.८, ३४.४, ३६.३ अंशांवरची तीन शिखरं दोन्हीकडे येतात, नुसत्या त्या तिघांवर पाल्याचं श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. अँटीबॅक्टेरियल करायचंय आणि हाताशी पूर्ण सहा महिने असतील तर पाला घ्या, पण मग नुसता अर्क, नुसतं झिंकचं मीठ, आणि को-प्रेसिपिटेशनची पावडर, हे तिन्ही त्याच प्लेटवर लावा, कारण झिंक आयन एकटासुद्धा जंतू मारतो. आणि पानं एकाच झाडाची, एकाच दिवशी, सगळ्या प्रोजेक्टला पुरतील एवढी तोडून सावलीत वाळवा, डब्यावर तारीख टाका. अर्क मात्र लागेल तेव्हाच काढायचा, ताजा.