टाकुमार ५० मिमी एफ १.४ : चार आवृत्त्यांचा अकरा महिन्यांचा अनुभव

आसाही पेंटॅक्सची ५० मिमी एफ १.४ टाकुमार ही लेन्स १९६४ मध्ये आली आणि १९७५ मध्ये कंपनीने लेन्स कॅमेऱ्यावर फिरवून बसवण्याचे ४२ मिमीचे आटे सोडून के माउंट ही नवी जोडणी स्वीकारेपर्यंत तिच्या ठळक अशा चार आवृत्त्या निघाल्या. गेल्या गणपतीपासून मी या चारही आवृत्त्या मिररलेस कॅमेऱ्यावर ॲडॉप्टर लावून वापरत आहे. जुन्या लेन्सच्या बाजारात यांच्या किमतीत मोठी तफावत असते, आणि ती तफावत छायाचित्रात कितपत उतरते हे मला स्वतः पाहायचे होते.

पहिली आवृत्ती म्हणजे आठ भिंगांची सुपर टाकुमार. तिच्यात तीन भिंगे एकमेकांना चिकटवून बसवलेली आहेत. लवकरच कंपनीने रचना बदलून सात भिंगांवर आणली, ही दुसरी आवृत्ती. थोरियम हा किरणोत्सारी धातू मिसळलेल्या काचेचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची क्षमता) जास्त आणि वर्णविक्षेपण (रंग विखुरणे) कमी असल्यामुळे एक भिंग कमी करूनही काम भागले. नाव मात्र सुपर टाकुमारच राहिले, त्यामुळे ग्राहकाची फसगत होते. माझीही झाली. आठ भिंगांची म्हणून मागवलेली पहिली लेन्स सात भिंगांची निघाली आणि ती परत करण्यात तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी खरेदीपूर्वी लेन्सवरच्या डेप्थ ऑफ फील्डच्या (किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या) पट्टीचा जवळून काढलेला फोटो मागतो. अवरक्त प्रकाशासाठीची लाल रेघ उजवीकडच्या ४ या आकड्याच्याही उजवीकडे असेल तर लेन्स आठ भिंगांची, डावीकडे असेल तर सातची. शिवाय आठ भिंगांच्या लेन्सचे मागचे भिंग बाहेर अधिक फुगलेले दिसते.

थोरियमच्या काचेची खरी अडचण तिच्या पिवळेपणात आहे. किरणोत्सारामुळे काचेत रंगकेंद्रे (प्रकाश शोषणारे सूक्ष्म दोष) तयार होतात आणि काही दशकांत भिंग चहासारखे दिसू लागते. डिजिटल कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सने रंग सावरता येतो, पण अडलेला प्रकाश परत मिळत नाही. माझ्या सात भिंगांच्या सुपर टाकुमारवर ऑक्टोबरच्या उन्हाचा प्रयोग केला. पुढच्या बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल लावून मागचे भिंग खिडकीतल्या उन्हाकडे ठेवले आणि सूर्यकिरण एकवटून काही पेटू नये म्हणून रोज जवळ बसून राहिलो. दोन आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरला, परंतु उन्हाच्या तापाने ग्रीस पातळ होऊन फोकस रिंग पूर्वीपेक्षा सैल झाली. म्हणून तिसऱ्या आवृत्तीसाठी मी नेलपॉलिश सुकवण्याचा अतिनील दिवा वापरला. तो तापत नाही, आणि पाच दिवसांत काच जवळपास पांढरी झाली. त्याच भिंतीसमोर, त्याच ॲपर्चरला आणि त्याच आयएसओला पूर्वी १/६० सेकंद लागत होता, तो १/१०० वर आला. किरणोत्साराची भीती वाटणाऱ्यांसाठी सांगतो की, लेन्स कॅमेऱ्यावर वापरण्यात मला धोका वाटत नाही. मात्र मागचे भिंग घासणे किंवा ते डोळ्याला लावून बसणे कटाक्षाने टाळावे.

१९७१ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती, म्हणजे सुपर मल्टी कोटेड टाकुमार, हीच या सर्वांत मला सर्वाधिक भावली. भिंगावरच्या सात थरांच्या, प्रतिबिंबे कमी करणाऱ्या कोटिंगचा फायदा मला त्रिपुरी पौर्णिमेला दिसला. गावातल्या देवळाच्या दीपमाळेसमोर तिपाई रोवून मी आठ भिंगांची आणि ही, अशा दोन्ही लेन्सनी एफ २ वर एकामागून एक छायाचित्रे घेतली. आठ भिंगांच्या लेन्समध्ये ज्योतींची फिकट हिरवी प्रतिबिंबे आकाशात उमटली आणि दगडाचा काळा रंग राखाडी झाला. सुपर मल्टी कोटेडमध्ये दीपमाळेच्या हातांखालची सावली काळीच राहिली आणि पणतीच्या कडेवरचा तेलाचा ओघळसुद्धा वेगळा दिसला. समोर दिवा नसताना मात्र या दोघींतला फरक मला शोधूनही सापडत नाही. एफ १.४ वर चारही आवृत्त्यांत कडांवर मऊ धुकट चमक असते, २.८ वर मध्यभाग अतिशय तीक्ष्ण होतो आणि ५.६ वर कोपरेही सावरतात. ॲपर्चरच्या पाकळ्या सहाच असल्याने ॲपर्चर लहान केल्यावर मागचे दिवे षट्कोनी दिसतात, हे ज्यांना खटकते त्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

या आवृत्तीच्या खरेदीत एक गैरसमज होतो. लेन्स हातात असताना ॲपर्चर आपोआप की हाताने चालवायचे ते ठरवणारा ऑटो-मॅन्युअलचा खटका सरकत नाही, म्हणून ती बिघडलेली आहे असे वाटते. वास्तविक माउंटवरची बारीक पिन दाबली गेल्याशिवाय तो खटका सुटत नाही. ॲडॉप्टरवर बसवल्यावर तो सहज सरकतो.

चौथी, रबरी रिंगची एसएमसी टाकुमार, छायाचित्राच्या दृष्टीने तिसरीसारखीच आहे. रबरावर धूळ फार बसते, आणि धातूच्या खाचांची पकड मला अधिक आवडते. यापलीकडे तिच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

आठ भिंगांची लेन्स कधीच पिवळी पडत नाही, हा तिचा निर्विवाद गुण आहे. परंतु तिच्यासाठी मी जवळपास तिप्पट पैसे मोजले आणि ते मला वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. फिल्मवर रंगीत काम करणाऱ्याला कदाचित वाटतील. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीची धास्ती चारही लेन्सना सारखीच असल्याने त्या मी सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतो.

थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे, त्यामुळे पिवळेपणा कधीतरी परतणारच. म्हणून जानेवारीत दिव्याखालून काढल्यापासून दर महिन्याच्या १ तारखेला मी तिसऱ्या लेन्सने त्याच कोऱ्या कागदाचे, त्याच दिव्याखाली एक छायाचित्र घेतो. आतापर्यंतच्या सहा छायाचित्रांत कागदाचा रंग तसाच आहे.