ट्रान्सफॉर्मरवरचा ‘४’ आणि जुन्या अ‍ॅम्पच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

मला १९६४चा म्हणून विकलेला फेंडर डिलक्स रिव्हर्ब, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारा ट्यूब अ‍ॅम्प, प्रत्यक्षात १९७४चा निघाला. वाजवायला तो वाईट नाही, उलट छानच आहे. पण पैसे मी १९६४चे मोजले होते, आणि ज्याने ते घेतले त्याला आपण काय विकतोय हे पक्कं ठाऊक होतं. ही फसवणूक कशी केली जाते ते सविस्तर लिहितो आहे, कारण ती फार सफाईदार आहे आणि जुने ट्यूब अ‍ॅम्प शोधणाऱ्या कुणाच्याही वाट्याला येऊ शकते.

डिलक्स रिव्हर्ब १९६३ साली आला. १९६७ पर्यंतच्या अ‍ॅम्पची बटणांमागची पट्टी काळी असते, त्यांना ब्लॅकफेस म्हणतात. १९६८ पासून ती चंदेरी झाली, ते सिल्व्हरफेस. मधे, १९६५च्या सुरुवातीला, फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्यामुळे ‘सीबीएसच्या आधीचा ब्लॅकफेस’ एवढं म्हटलं की किंमत एकदम वर जाते. खरं तर १९६६च्या ब्लॅकफेसमध्येही तेच एबी७६३ सर्किट असतं, आणि निव्वळ आवाजासाठी हा जादा पैसा मोजावा असं मला वाटत नाही. पण बाजार तो मोजतो, आणि बनवाबनवी करणारे नेमके तिथेच येतात.

मला अ‍ॅम्प विकणाऱ्या माणसाने फोटो भरपूर पाठवले, तेही मी मागायच्या आधी. पट्टी काळी, तिच्यावर सीबीएसच्या आधीच्या काळातलं ‘फेंडर इलेक्ट. इन्स्ट. कं.’ हे नाव. नंतरच्या पट्ट्यांवर ‘फेंडर म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स’ असतं. पेटीच्या आत कोणती ट्यूब कुठे बसते ते दाखवणारा कागद आणि त्यावर ‘एनएफ’ असा शिक्का. फेंडरच्या या शिक्क्यात पहिलं अक्षर वर्षाचं, ‘ए’ म्हणजे १९५१ धरून पुढे मोजायचं. दुसरं अक्षर महिन्याचं. म्हणजे एनएफ हा जून १९६४. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-४-२१, स्पीकरवर ४६५-४१९. अमेरिकी कारखान्यांतल्या सुट्या भागांवर असे क्रमांक असत: आधी कारखाना (६०६ शूमाकर, ४६५ ऑक्सफर्ड, २२० जेन्सन), मग वर्ष, मग आठवडा. शूमाकरचा ट्रान्सफॉर्मर ‘४’ने संपणाऱ्या वर्षाच्या एकविसाव्या आठवड्यातला, ऑक्सफर्डचा स्पीकर त्याच वर्षाच्या एकोणिसाव्या आठवड्यातला, आणि अ‍ॅम्प जूनमध्ये जोडलेला. सगळं कसं तंतोतंत जुळत होतं.

आणि हे आकडे खोटे नव्हतेच. ट्रान्सफॉर्मर अस्सल, स्पीकर अस्सल, दोन्ही कारखान्यातून आले तसेच. फक्त त्या ‘४’ ला दशक नाही. वर्षाचा एकच आकडा लिहिण्याची पद्धत असल्यामुळे ४ म्हणजे १९६४ही होतो आणि १९७४ही. शूमाकर आणि ऑक्सफर्ड दोघेही सत्तरच्या दशकातही फेंडरला माल पुरवत होते. त्याने मुद्दाम १९७४चा अ‍ॅम्प निवडला, त्यावर जुन्या धर्तीची नवी काळी पट्टी चढवली, जाळीचं कापड बदललं आणि शिक्का मारलेला नवा छापील कागद आत चिकटवला. अशा पट्ट्या आणि कागद जुन्या अ‍ॅम्पच्या दुरुस्तीसाठी उघडपणे विकले जातात, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांच्या आधारे वय सांगणं.

मी चासीच्या (सर्किट बसवलेल्या धातूच्या चौकटीच्या) आतले फोटो मागितले तेव्हा त्याचं उत्तर होतं, “साठ वर्षांत याला कुणी हात लावलेला नाही. मी उघडला तर त्याचं अस्सलपण जाईल.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा. जुन्या वस्तूंची कदर असणाऱ्या माणसाला ते पटतं, आणि म्हणूनच ते वापरलं जातं. एरवी चासी चार बोल्टवर बसलेली असते. ती काढून फोटो घेतले आणि परत बसवली तर कसलंही अस्सलपण जात नाही.

घरी आल्यावर अ‍ॅम्पला घरघर होती म्हणून ट्यूब अ‍ॅम्पचं काम करणाऱ्या एका अनुभवी माणसाकडे दिला. त्यांनी चासी बाहेर काढली आणि पाहताक्षणी सांगितलं की हा साठच्या दशकातला नाही. त्या काळच्या फेंडरमध्ये कापडी वेष्टणाच्या वायरी आणि निळे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) दिसतात; इथे प्लॅस्टिकच्या वायरी आणि तपकिरी कपॅसिटर होते. मग त्यांनी व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटची (बटणामागे बसणाऱ्या, फिरवून आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाची) मागची बाजू दाखवली. पॉटवरच्या क्रमांकात वर्षाचे दोन आकडे असतात. तिथे १३७ म्हणजे सीटीएस हा कारखाना, आणि त्यापुढे स्वच्छ ७४. पॉट अ‍ॅम्पपेक्षा जुना असू शकतो, कारण कारखान्यात माल पडून राहतो. अ‍ॅम्पपेक्षा दहा वर्षं नवा तो कसा असेल? छापील कागदाच्या कडेला आधीच्या कागदाच्या गोंदाचा डागही होता, तो पेटी रिकामी झाल्यावरच दिसला.

विकणाऱ्याला हे कळवलं तर तो आधी म्हणाला, ट्रान्सफॉर्मरवर चारच लिहिलंय, मी खोटं काय सांगितलं? नंतर म्हणाला, पॉट कुणीतरी बदलले असतील. ज्या अ‍ॅम्पला कधी कुणाचा हात लागला नाही म्हणून तो विकला, त्याचेच सगळे पॉट बदलले? आणि वायरी, आणि कपॅसिटरही? कारखान्यातलं सोल्डर तसंच शाबूत ठेवून? त्यानंतर त्याने उत्तर देणं बंद केलं. पैसे त्याच्या आग्रहामुळे थेट त्याच्या खात्यात गेले होते, त्यामुळे मधे दाद मागायला कुणी नव्हतं.

हे फक्त फेंडरपुरतं नाही. मार्शल या ब्रिटिश कंपनीचे १९६९ पर्यंतचे अ‍ॅम्प पुढच्या प्लेक्सिग्लासच्या पट्टीमुळे ‘प्लेक्सी’ म्हणून ओळखले जातात, नंतर तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आली. तिथेही पट्टी बदलता येते, आणि तिथेही नुसत्या पट्टीवरून वय ठरवणं धोक्याचं आहे.

किंमत ठरवताना ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, पेटी आणि सर्किट या गोष्टी मूळच्या आहेत का ते बघावं. स्पीकरचा कोन (आवाज काढणारा कागदी शंकू) नवा घातला असेल, पेटीवरचं आवरण बदललं असेल, तर भाव उतरतो आणि उतरायलाच हवा. उलट वीजपुरवठ्याचे मोठे कपॅसिटर बदललेले असणं हा दोष नव्हे. ते काही वर्षांनी सुकतातच, आणि साठ वर्षांपूर्वीचे कपॅसिटर ‘अजून मूळचेच’ म्हणून मिरवणारा माणूस तुमच्या माथी एक तातडीची दुरुस्ती मारतो आहे. दोन पिनांच्या जागी अर्थिंगची तीन पिनांची वायर बसवलेली असेल तर मी तो अ‍ॅम्प जास्त आनंदाने घेईन, कारण तिथे जिवाचा प्रश्न असतो. आणि विकणारा इतरांच्या जाहिरातीतल्या किमती दाखवायला लागला तर त्या लोकांनी मागितलेल्या किमती आहेत हे ध्यानात ठेवा. तसे अ‍ॅम्प खरोखर कितीला विकले गेले ते शोधा, फरक बराच असतो.

आता मी कुणाही विकणाऱ्याकडे चासीच्या आतले फोटो मागतो: सर्किट बोर्ड पूर्ण दिसेल असा एक, आणि प्रत्येक पॉटच्या मागच्या क्रमांकाचा जवळून घेतलेला एक. त्यांनी स्वतः उघडावा असं मात्र सांगत नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास भार उरू शकतो, आणि तो माणसाचा जीव घेऊ शकतो. जाणकाराकडून उघडून घ्या, त्याची मजुरी मी देतो, असं कळवतो. अस्सल माल असलेल्यांना यात अडचण वाटत नाही. ज्यांनी नकार दिला त्यांच्याशी व्यवहार तिथेच थांबवतो, मग बाहेरून अ‍ॅम्प कितीही देखणा असो.