जुना प्रोग्रॅम, नवं विंडोज: कम्पॅटिबिलिटी मोड की व्हर्च्युअल मशीन?

सातपूरला वर्कशॉप असलेला मित्र अडलाय. नवा कॉम्प्युटर विंडोज ११चा, बिलिंगचा प्रोग्रॅम जुन्या विंडोज एक्सपीच्या काळातला.

मेहनतीत कम्पॅटिबिलिटी मोड, म्हणजे प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर असल्यासारखा चालवायची विंडोजमधलीच सोय, सरळ जिंकतो. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे एक्सपी निवडा. खर्च शून्य. पण प्रोग्रॅम १६-बिट, म्हणजे फारच जुन्या बनावटीचा, असेल तर विषय संपला. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे आणि ते असे प्रोग्रॅम उघडतच नाही. कधी कधी प्रोग्रॅम त्यानंतरच्या बनावटीचा, ३२-बिट, पण त्याचा सेटअप १६-बिट निघतो. हे आधी तपासाच.

व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ११च्या आत अख्खं एक्सपी चालतं. त्यासाठीचं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, एक्सपीचं लायसन्स मात्र हवं, आणि मांडणीत एखादी दुपार जाते. प्रिंटरचा त्रास खरा: नव्या प्रिंटरचे ड्रायव्हर एक्सपीसाठी सहसा मिळत नाहीत, म्हणून बिलाची पीडीएफ करून बाहेरून छापायची. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४मध्ये थांबले, त्यामुळे आतलं इंटरनेट बंदच ठेवा. टिकाऊपणात मात्र तोड नाही. व्हर्च्युअल मशीनचा फोल्डर कॉपी केला की पुढच्या कॉम्प्युटरवर तेच एक्सपी, तोच डेटा.

अधूनमधून जुनी बिलं बघायची असतील आणि प्रोग्रॅम ३२-बिट असेल, तर कम्पॅटिबिलिटी मोड पुरे. रोजचा धंदाच त्यावर असेल, तर व्हर्च्युअल मशीन.