बिल फोर्क ऑइलचं, आत तेल जुनंच

चेन बदलली की नवी चेन डोळ्यांना दिसते, टायर बदलला की तोही दिसतो. फोर्क ऑइल म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांतलं (फोर्कमधलं) तेल, त्याचं तसं नाही. गाडी टाकताना जशी दिसत होती तशीच परत मिळते, त्यामुळे काम न करता बिल लावायला याहून सोयीची जागा नाही. माझ्या टूरिंग बाइकला हाच चुना लागला. लांबच्या प्रवासाआधी पुढचे शॉकअप करायला देणार असाल तर हे वाचून मग द्या.

तक्रार साधी होती. ब्रेक दाबला की गाडी पुढून धपकन बसायची. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामान असलं की जास्तच. डाव्या नळीवर तेलाचा ओलसर थरही दिसत होता. वर्कशॉपमध्ये सांगितलं, तेल मेलंय, दोन्ही बाजूंचं तेल आणि सील बदलून देतो. बिलावरही तसंच आलं: फोर्क ऑइल, ऑइल सील (तेल आत अडवणारं), डस्ट सील (धूळ बाहेर ठेवणारं), लेबर. गाडी चालवून पाहिली तर पुढून खरंच कडक लागली.

खरी हातचलाखी ती इथे. बऱ्याच फोर्कच्या टोपणावर प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारा, अ‍ॅडजस्टर असतो, त्याच्या अंगावर रेघा कोरलेल्या असतात. पाना लावून तो आत फिरवला की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, गाडी उंच उभी राहते आणि ब्रेक मारल्यावर पहिल्यासारखी खोल बसत नाही. गिऱ्हाईक खूश. पण तेलाचं काम वेगळं आहे. नळीच्या आत ते बारीक छिद्रांतून किंवा झडपांतून ढकललं जातं आणि त्या अडथळ्यामुळे स्प्रिंगची उसळी आवरली जाते. त्यालाच डॅम्पिंग म्हणतात. प्रीलोड कितीही वाढवा, डॅम्पिंग तसूभरही वाढत नाही. उलट जास्त दाबलेली स्प्रिंग मेलेल्या तेलात अधिक जोरानं उसळते. माझं तेच होत होतं. खड्ड्यातून चाक बाहेर आलं की हँडल एकदा वर यायचं आणि पुन्हा डुलायचं. ब्रेक सुधारला, रस्ता बिघडला. हे गणित काही जमेना, म्हणून फोर्क घरीच उघडायचं ठरवलं.

घरी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतोच. पुढचं चाक काढायच्या आधी गाडी इंजिनाखालून किंवा हेडस्टॉकच्या (सांगाड्यात हँडलचा दांडा बसतो त्या भागाच्या) स्टँडवर पक्की टेकवा, आणि ब्रेकचा कॅलिपर त्याच्या होजवर (पाइपवर) लोंबकळत सोडू नका, तारेनं बांधून ठेवा. टोपण फोर्क क्लॅम्पमध्ये (नळी गाडीला धरून ठेवणाऱ्या पकडीत) असतानाच ढिलं करावं, पण त्याआधी वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करायचा, नाहीतर नळी चेपलेली राहते आणि आटे खराब होतात. शेवटच्या आट्याला टोपणावर तोंड नेऊन वाकू नका. खाली दाबलेली स्प्रिंग आहे, टोपण उडतं.

हँडलबार बाजूला केला आणि पहिला पुरावा समोर आला. टोपण आणि नळी यांवरून ओढलेली कंपनीची पिवळी रेघ अखंड होती. टोपण एकदा जरी फिरवलं असतं तरी ती तुटली असती. मग डस्ट सील उचकटलं. त्याखाली ऑइल सीलला धरून ठेवणारी तारेची रिंग असते. ती गंजून खाचेत चिकटली होती, स्क्रूड्रायव्हरनं हलवली तेव्हा गंजाचा पापुद्रा निघाला. नवं सील घालायचं तर ही रिंग काढावीच लागते, दुसरा रस्ता नाही. तेल ओतलं ते राखाडी, कुबट वासाचं, आणि उजेडात धरलं की त्यात धातूची बारीक चकाकी. डाव्या बाजूला तर ते उजवीपेक्षा बरंच कमी भरलं. गळून गेलेलं होतं, वर्कशॉपनं नळी तेवढी फडक्यानं पुसून दिली होती. मला संताप आला तो याचा. पैसे एकवेळ गेले तर गेले, पण हे तेल ओघळत खाली ब्रेक पॅडवर आलं असतं म्हणजे?

फोटो दाखवल्यावर आधी उत्तर मिळालं, "टूरिंगमध्ये तेल लवकर काळं होतं." रेघेचं आणि गंजाचं विचारल्यावर सूर बदलला: काम नव्या पोरानं केलं असेल, गाडी आणा, फुकटात करून देतो. मी नाही म्हटलं. ज्यांनी उघडलंच नाही त्यांनी पुन्हा न उघडायची खात्री काय?

आता कुणी हे काम बाहेर देत असेल तर मी सांगतो, टोपण आणि नळी मिळून नेलपॉलिशचा एक ठिपका लावा, प्रीलोडच्या रेघा मोजून फोटो काढा आणि जुनी सील व काढलेलं तेल परत मागा. तेल कोणतं घातलं हेही विचारा. नुसतं "१० डब्ल्यू" (बाटलीवरचा घट्टपणाचा आकडा) हे उत्तर पुरत नाही, कारण फोर्क ऑइलमध्ये एका कंपनीचं १० डब्ल्यू दुसरीच्या १० डब्ल्यूइतकंच घट्ट असेल असं नाही. बाटलीवर ४० अंश सेल्सियसला किती सेंटिस्टोक (घट्टपणाचं खरं माप) ते पाहायचं. पातळी किती ठेवली हे मिलिमीटरमध्ये सांगता आलं पाहिजे. बहुतेक साध्या फोर्कमध्ये ती स्प्रिंग काढून, नळी पूर्ण खाली दाबून, वरच्या कडेपासून तेलापर्यंत मोजतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. कार्ट्रिजचा फोर्क (डॅम्पिंगसाठी आत वेगळी नळी आणि रॉड असलेला) असेल तर तो रॉड वरखाली करून आधी हवा काढावी लागते, नाहीतर माप खोटं येतं. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात. वर उरलेली हवासुद्धा स्प्रिंगसारखी दाबली जाते, म्हणून "थोडं जास्त टाकलं, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

बरीच हुज्जत घातल्यावर तेलाचे आणि सीलचे पैसे परत मिळाले. लेबर मात्र दिलं नाही. म्हणे, पोरानं वेळ तर दिलाच होता. बहुधा अ‍ॅडजस्टर फिरवण्यात.