यूजी प्लेटवर सोळा महिने: मासे ठणठणीत, भिंतीला लोणा

परवा रात्री अकराच्या सुमारास समुद्री माशांच्या टँकमागच्या स्विचबोर्डातून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज आला, जळका वास सुटला आणि घरात अंधार झाला. टॉर्च मारून बघतो तर सॉकेटच्या भोकांभोवती मिठाची पांढरी फुलं आणि प्लगच्या पितळी पिनांवर हिरवा कळंक. सकाळी वायरमन आला, त्याने बोर्ड उघडला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “काका, हा बोर्ड समुद्रातून काढून आणलात काय?” साडेपाचशे रुपये गेले. गेले वर्षभर ‘एकदा लिहायचंय’ म्हणत होतो, ते या साडेपाचशेंमुळे लिहायला बसलोय.

टँक तोच, २००८ चा. चार फूट बाय दीड बाय दीड, दगड-वाळू जाऊन सव्वादोनशे लिटर पाणी. पहिली आठ वर्षं तो यूजीवर, म्हणजे वाळूखालच्या भोकांच्या प्लेटवरच (अंडरग्रॅव्हल) होता: प्लेटीवरच्या उभ्या नळ्यांत हवा सोडली की पाणी वर उचललं जातं आणि टँकमधलं पाणी वाळूतून गाळत खाली उतरतं. २०१६ मध्ये मी शहाणा झालो. सगळे म्हणत होते की अंडरग्रॅव्हल म्हणजे नायट्रेटचा, घाणीतून शेवटी पाण्यात साचणाऱ्या क्षाराचा, कारखाना, कसला तो जुनाट प्रकार. मग खाली संप (दुसरी टाकी) आला, फेसातून घाण काढणारा स्किमर आला, पाणी वर परत ढकलणारा रिटर्न पंप आला आणि प्लेटी माळ्यावर गेल्या.

त्या माळ्यावरून खाली का आल्या, तर स्किमरचा पंप गेल्या वर्षी मार्चमध्ये जळाला. वॉरंटी होती. कुरिअरने मुंबईला पाठवला, कुरिअरचे पैसे माझे. पाच आठवडे रोज फोन. शेवटी पंप जसाच्या तसा परत आला, सोबत चिठ्ठी: आतल्या भागावर मिठाचा थर आढळला, सबब वॉरंटी लागू नाही. समुद्राच्या पाण्यासाठी म्हणून विकलेल्या पंपाला मीठ लागलं म्हणून वॉरंटी नाही! छत्री भिजलेली आहे, बदलून मिळणार नाही, त्यातली गत. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच त्यांची जाहिरात कशाला. पण त्या चिठ्ठीने मला पुन्हा माळ्यावर चढवलं एवढं खरं.

खर्च सांगतो. प्लेटी आणि नळ्या घरच्याच. दोन तोंडांचा पाच वॅटचा एअर पंप साडेसहाशे रुपये, हवेची नळी आणि हवेचे बारीक बुडबुडे करणारे चार एअरस्टोन मिळून दीडशे. आधी रिटर्न पंप पस्तीस वॅट आणि स्किमर अठरा वॅट, दोन्ही चोवीस तास. म्हणजे महिन्याला अडतीस युनिट. आता साडेतीन. बिलात महिन्याला तीनशेच्या वर फरक पडला, आणि हा फरक मी दर महिन्याला सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवतो.

वाळूच्या जागी मी शिंपल्यांचा चुरा घातलाय. प्रवाळाचे तुकडे किंवा जिवंत दगड (जिवाणू वस्तीला असलेले समुद्रातले खडक) घालावेत असं परदेशी लोक सांगतात. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी नुसते जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टँक चालतो हे जगाला सांगितलं, ते वाचायला फार छान वाटतं. पण आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊच नका. आम्ही रत्नागिरीकर, तिसऱ्या (शिंपल्या) खायच्या आणि टरफलं फेकायची यापेक्षा ती उकळून, पोत्यात घालून मुसळाने कुटून, चाळून घेतली. चार-पाच मिलिमीटरचा तुकडा ठेवायचा, पीठ फेकून द्यायचं. पहिल्या खेपेला मी मोठे तुकडे तसेच ठेवले होते. ते कौलांसारखे एकावर एक बसले, पाणी खाली उतरेना आणि मधेमधे काळे डाग दिसायला लागले. सगळं उपसून परत कुटलं. हा थर तीन इंचांचा ठेवा, आणि कुटायचा कंटाळा करू नका.

आणि शिंपले घातले की पीएच आपोआप ८.२ वर राहतो हा समज डोक्यातून काढा. पाणी बऱ्यापैकी आंबट झाल्याशिवाय शिंपला विरघळतच नाही. माझा पीएच सातव्या महिन्यात ७.८ वर आला होता, आणि केएच, म्हणजे पीएचला सावरून धरणारा पाण्यातला क्षार, पाचवर. मी स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा वापरतो. सपाट चहाचा चमचाभर सोडा तांब्याभर गोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू ओतला की माझ्या टँकमध्ये केएच पाऊण डिग्रीने वाढतो. हाच सोडा बाटलीत भरून, वर माशाचं चित्र लावून चारशेला विकतात. (धुण्याचा सोडा नव्हे. नंतर मला बोल लावू नका.)

आता मुख्य विषय. लोणा, म्हणजे सगळीकडे साचत, चढत जाणारं मीठ.

यूजीचा नायट्रेट, यूजीखालचा गाळ, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. लोण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. नळीतून बुडबुडे वर येतात, पृष्ठभागावर फुटतात, प्रत्येक फुटणारा बुडबुडा सुईच्या टोकाएवढे थेंब उडवतो. पाणी उडून जातं, मीठ राहतं. हे झालं साधं. खरी गंमत पुढे आहे. त्या मिठाच्या कणांमधून पाणी पुन्हा वर ओढलं जातं, पुढे जाऊन सुकतं आणि अजून मीठ बसतं. म्हणजे मीठ चालतं. मी पेन्सिलने खुणा करून पाहिलंय: हवेच्या नळीवरून ते अकरा दिवसांत एक वीत चढलं. आधी काचेच्या कडेला साखरेच्या पाकासारखी झालर, मग झाकणावर, मग पट्टीच्या दिव्याच्या क्लिपवर, मग भिंतीवर. भिंत जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा. त्याला पावसाळ्यात तसाही लोणा लागतोच, आता बारमाही लागला. टँकच्या मागे दीड हात उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत. आई म्हणते, “मासे पाळलेयस की मिठागर काढलंयस?”

मी दर रविवारी जुन्या एटीएम कार्डाने हे मीठ खरवडतो आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरतो. हसू नका, वजनही करतो. महिन्याला पन्नास-साठ ग्रॅम. सोळा महिन्यांत नऊशे दहा ग्रॅम जमलंय. माझ्या अख्ख्या टँकमध्ये मिठाचा ऐवज पावणेआठ किलोंचा, त्यातला जवळजवळ आठवा हिस्सा डब्यात आलाय. उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं गोडं पाणी ओतत राहिलो असतो, तर हायड्रोमीटर (खारेपणा मोजायचं साधन) १.०२५ वरून १.०२२ वर आला असता. तेव्हा ‘मीठ उडत नाही, पाणीच उडतं’ हे पुस्तकातलं वाक्य यूजीवाल्यांनी मनावर घेऊ नये. आणि काटकसर म्हणून हे मीठ परत टँकमध्ये टाकायचा मोह झाला तर आवरा. पितळी पिनांजवळचं मीठ हिरवट असतं, म्हणजे त्यात तांबं आलं. तांब्याने माशांच्या आधी शंखातले खेकडे मरतात.

बरेच उपाय करून झाले. नळ्या पाण्याच्या वर दोन इंच होत्या, त्या कापून वरचा एल्बो अर्धा पाण्यात राहील असं केलं. थुंकणं निम्म्याने कमी झालं. हवा वाढवली की जास्त पाणी उचललं जातं हा गैरसमज होता. एका मर्यादेपुढे नळीत नुसती हवाच खळखळते आणि जास्त शिंतोडे उडतात. स्टोन नळीत जितका खोल, तितकी उचल चांगली. झाकणाच्या काचेला आतल्या बाजूला उतार दिला. तरी वायर आणि नळ्या जिथून बाहेर पडतात तिथून मीठ चालतच राहतं. बोर्डाचं काय चुकलं ते वायरमनने दाखवलं: वायर टँककडून सरळ खाली सॉकेटात गेली होती. आता बोर्ड टँकच्या वर, अडीच फूट बाजूला आहे, वायरीला मध्ये पोटाएवढा झोळ दिलाय, म्हणजे आलंच पाणी तर झोळाच्या तळाशी ठिबकेल. घरात ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर मासे पाळण्याआधी तो बसवा. माझ्याकडे होता म्हणून घर नुसतं अंधारात गेलं.

एवढं वाचून वाटेल की माणूस वैतागलाय, काढून टाकणार. नाही काढणार, आणि याचं कारण वीज. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या समोरून गेलं तेव्हा मी संप-स्किमरवाला होतो. लाइट दोन दिवस नव्हती. त्रेपन्न वॅटचा संसार इन्व्हर्टरवर पाच तास चालला, मग बसला. चार मासे गेले. उरला तो डोमिनो डॅमसेल, कारण डॅमसेल मरत नाही, आपण मरू. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, २५ मेलाच पाऊस कोकणात शिरला आणि पहिल्याच दणक्यात आमच्या आळीत रात्रभर लाइट गेली. पाच वॅटचा पंप इन्व्हर्टरवर सकाळपर्यंत घुरघुरत होता, आणि घरातला एक पंखाही. सकाळी क्लाउन माशांची जोडी नेहमीसारखी दाण्यासाठी काचेला तोंड लावून उभी. त्या दिवशी मी लोण्याला माफ केलं होतं.

पण हवा बंद पडली तर यूजीसारखा दगाबाज दुसरा नाही हेही सांगतो. पाणी थांबलं की त्या थरातले जिवाणू काही तासांत तिथला प्राणवायू संपवतात, आणि खाली जे कुजतं ते पंप परत सुरू झाला की थेट माशांच्या तोंडात. कधी तीन-चार तासांच्या वर बंद राहिलाच तर नळ्यांमधलं पहिलं बादलीभर पाणी सायफनने बाहेर ओता, मगच हवा सोडा. वास घेऊन बघा, सांगायची गरज उरणार नाही.

त्या लवकरच्या पावसाने दुसराही घोळ केला. मी दर मेअखेरीस मिरकरवाडा बंदरातल्या एका ओळखीच्या बोटवाल्याकडून खोल समुद्रातलं पाणी मागवून, पंच्यातून गाळून, पन्नास लिटरचे चार ड्रम अंधारात भरून ठेवतो. १ जूनपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि काठचं पाणी घ्यावं तर भाट्याला काजळी नदी लाल माती घेऊन उतरलेली. यंदा दोनच ड्रम भरले होते. जुलैअखेर विकतचं मीठ घ्यावं लागलं. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर आणि मी दुकानात मीठ विकत घेतोय, हे कुणाला सांगूही नये.

जुनं ते सगळं चांगलं, असंही मी म्हणत नाही. उत्साहाच्या भरात हवेवर चालणारा, लाकडी स्टोनचा जुन्या पद्धतीचा स्किमरही करून पाहिला. सुताराकडून आंब्याच्या लाकडाचे ठोकळे कापून आणले. बुडबुडे वाटाण्याएवढे. पांगाऱ्याचे आणले, ते आठवड्यात बुळबुळीत झाले. सुतार आता मला बघून दुसऱ्या रस्त्याने जातो. तो नाद सोडा.

इथपर्यंत लिहून ठेवलं आणि गणपती आले. पुढचं आता, सगळे मुंबईला परत गेल्यावर लिहितोय, आणि वरची एक गोष्ट मला मागे घ्यायची आहे. खरं तर ती मी लिहिली नव्हती, पण तोंडी सगळीकडे मिरवत होतो: यूजीला साफसफाई लागत नाही. भाच्याच्या सहा वर्षांच्या मुलाने माशांना प्रसाद म्हणून दाण्यांचा पाऊण डबा आणि एका मोदकाचं सारण टँकमध्ये रिकामं केलं. मला कळलं दुसऱ्या दिवशी, जेव्हा पाणी ताकासारखं दिसायला लागलं. अमोनिया थोडा वर गेला आणि दोन दिवसांत शून्यावर आला. इथे प्लेटीला शंभर मार्क. पण नायट्रेट, जो आधीच ऐंशी पीपीएम होता आणि ज्याकडे मी मासे मजेत आहेत म्हणून दुर्लक्ष करत होतो, तो टेस्ट किटच्या शेवटच्या लालभडक रंगावर जाऊन बसला. रोज वीस लिटर पाणी बदलता बदलता एका कोपऱ्यातला चुरा बाजूला करून प्लेटीची कड उचलली. खालून चिखलाचा जो काळा ढग उठला, त्यात डोमिनो दिसेनासा झाला. सोळा महिन्यांचा ऐवज तिथे साठला होता.

तेव्हा आता दर पंधरवड्याला पाणी बदलताना जाड नळीने थराचा एक चतुर्थांश भाग ढवळून ओढून घेतो, पुढच्या वेळी पुढचा. चारही भाग एकदम करू नका, जिवाणूंचा सगळा संसारच उठेल. नायट्रेट साठच्या आसपास आलाय. समुद्रफूल किंवा प्रवाळाचं स्वप्न असेल तर हे तुमच्यासाठी नाही. क्लाउन, डॅमसेल, शंखातले खेकडे, बस.

पंपाचं रबर आठ महिन्यांत फाटतं, साठ रुपयांना जोडी मिळते, एक जोडी कायम घरात ठेवा. बोर्डाचे साडेपाचशे मी यूजीच्या खात्यावर मांडलेत. वीजबिलातून दिवाळीपर्यंत फिटतील, तोवर तो माझं देणं लागतो.