प्रीमियम घेताना गोड, क्लेमला 'ॲडमिट व्हायची गरजच नव्हती' (5 पैकी 2 स्टार)

प्रायव्हेट कंपनीची फॅमिली फ्लोटर हेल्थ पॉलिसी आहे (सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा), नाव लिहीत नाही कारण तक्रार अजून चालूय. ॲप चकाचक, रिन्यूअल जवळ आलं की मेसेजवर मेसेज, दोन स्टार त्या ॲपचेच.

बाबांना डेंग्यू झाला, प्लेटलेट्स 58 हजारांवर आल्या, त्यात शुगर आणि उलट्या, पाणीसुद्धा पोटात ठरेना म्हणून फिजिशियननी ॲडमिट करून घेतलं. कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरायचा, निर्णय तासाभरात द्यायचा असं आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) 2024 च्या सर्क्युलरमध्ये आहे, तो वेळेत आलाही, नकार! मग सगळं बिल आपणच भरून रीइम्बर्समेंटला टाकलं तर परत तेच, व्हायटल्स स्टेबल होते, ओपीडीत भागलं असतं, ॲडमिशन मेडिकली नेसेसरी नाही.

पॉलिसी वर्डिंग काढून वाचलं. 'मेडिकली नेसेसरी'ची व्याख्या आयआरडीएआयनेच ठरवून दिलीये, सगळ्या कंपन्यांना सेमच. उपचार आजारासाठी लागणारे हवेत, गरजेपेक्षा जास्त नकोत, डॉक्टरने लिहून दिलेले हवेत आणि मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवेत. ह्यातलं 'गरजेपेक्षा जास्त नको' तेवढं पकडून बसतात हे लोक, आणि गरज किती ते ठरवणार कोण, तर पेशंट न बघितलेला कंपनीचा डॉक्टर. तपासणी करू नका असं नाही म्हणत मी, नुसत्या एमआरआयसाठी ॲडमिट दाखवणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत, आणि फक्त टेस्टसाठीची ॲडमिशन कव्हर होत नाही हेही बरोबरच. पण व्हायटल्स स्टेबल हे डिस्चार्ज समरीतून उचललंय, अहो डिस्चार्जच्या दिवशी स्टेबल नसतील तर घरी कोण सोडेल!

म्हणून डिस्चार्ज समरीवर भागवू नका, हॉस्पिटलकडून इनडोअर केस पेपर (ॲडमिट असतानाच्या रोजच्या नोंदी) मागून घ्या. बाबांच्या नर्सिंग चार्टवर किती वेळा उलटी, किती सलाईन, रोजचे काउंट, सगळं तारीखवार होतं. सोबत ॲडमिट का केलं ह्याचं डॉक्टरांचं पत्र जोडून कंपनीच्या ग्रिव्हन्सला (तक्रार विभागाला) टाकलंय. क्लेम नाकारायला आता कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, ती घेतली का विचारलं तर 'युवर कन्सर्न इज इम्पॉर्टंट टू अस' एवढंच.

महिनाभरात नीट उत्तर नाही आलं तर विमा लोकपालकडे जाणार, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही की वकील नाही. रिन्यूअलच्या आधी पॉलिसीही पोर्ट करतोय, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेतोय, एजंटला सांगून टाकलंय.